आवाज कुठं अडला

समोरचा माणूस बोलायला लागला की सरांची बोटं स्वतःच्या मांडीवर चालायला लागायची. दहाच्या दहा. नव्या माणसाला वाटायचं म्हाताऱ्याला कंप सुटला आहे, आणि तो बिचारा जपून, हळू बोलायचा. खरं तर सर ऐकलेलं सगळं मांडीवर टाइप करत असत. बोलण्यात जीव असला की बोटं भराभर पळायची. माणूस तेच तेच सांगायला लागला किंवा थापा मारायला लागला की थांबायची, आणि दोन्ही तळवे मांडीवर उपडे पडायचे. कामावरून आल्यावर मी दिवसभराची गाऱ्हाणी सांगत बसले की ते तळवे किती लवकर उपडे पडायचे, ते मी पाहिलेलं आहे. अजूनही कोणाशी बोलताना माझी नजर आधी त्याच्या मांडीकडे जाते. बाईमाणसाला ते शोभत नाही, पण सवय लागली ती लागली.

सर माझे घरमालक. सालेकशाला सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी लागले, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मलेरियाच्या काचा पाहायचं काम. माझं गाव चिचगडकडचं, रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून खोली शोधत फिरत होते. खोली दाखवण्याआधी लोक आडनाव विचारत, आणि आडनाव कळलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. सरांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं, "किती बोटांनी टाइप करतेस?"

"दोन."

"अरेरे," ते म्हणाले आणि खुंटीवरची चावी काढून माझ्यापुढे धरली.

त्यांच्या पुढच्या मोठ्या खोलीत कधीकाळी टायपिंगची शाळा होती. तालुक्यातले कितीतरी कारकून आणि ग्रामसेवक त्यांच्या हाताखालून गेले. शिकवायची रीत एकच. यंत्रावर पोरांचे हात ठेवायचे आणि वरून आपला खांद्यावरचा पांढरा दुपट्टा टाकायचा. अक्षरं दिसता कामा नयेत. "रस्ता बोटाले माहीत पायजे, डोऱ्याले नाही," असं ते म्हणत. डोळ्याला ते डोराच म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या मुलानं एकदा दुपट्टा वर करून पाहिलं, तर त्या खेपेला त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. मुलगा पुढे पुण्यात चांगल्या कंपनीत लागला, पण हा किस्सा सांगताना त्याचं तोंड अजून उतरायचं.

मग टायपिंगची यंत्रं भंगारात गेली, आणि काही वर्षांनी काचबिंदूनं सरांचे डोळेही गेले. पत्नी त्याच्याही आधी गेल्या होत्या. मी राहायला आले तेव्हा ते घरात एकटेच होते आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही असं न विचारता सांगत.

डोळे गेल्यावर माणसं जपमाळ घेतात, सरांनी कंपूटर घेतला. नागपूरच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तो बसवून दिला. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, आणि हे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "फुकटचं होये. पैसे देऊन घेतलं असतं तं कोणाशी भांडलो असतो. आता बिघडलं तं आपल्यालेच शिकावं लागते." त्या कंपूटरला पडदा नव्हता. डबा, कीबोर्ड आणि दोन बुटके स्पीकर, बस. पडदा का नाही असं विचारणाऱ्याला ते म्हणत, "कायले? मी का सिनेमा पाहून राहिलो काय?"

पडद्यावर जे लिहिलेलं दिसलं असतं ते वाचून दाखवणारा एक आवाज त्या कंपूटरात होता. मराठीच बोलायचा, पण सुखदुःख नसलेला, सपाट. सरांनी त्याचं नाव बाबू ठेवलं होतं, कारण त्यांच्या मते तहसीलातला बाबू अर्ज वाचतो तो असाच वाचतो. एकटे असले की ते बाबूला इतका जोरात पळवत की भिंतीपलीकडे मला एक अक्षर कळत नसे. सकाळी मी चहा ठेवायची तेव्हा पलीकडे बाबूची किरकिर सुरू असायची आणि मधूनच सर हसायचे. कशाला हसले ते विचारायला मी कप घेऊन जायची. माझ्या सालेकशातल्या दिवसांची सुरुवात अशी व्हायची, आणि तशी सकाळ मला पुन्हा कुठं मिळालेली नाही.

बाजाराच्या दिवशी जंगलाकडच्या गावांतून माणसं अर्ज लिहून घ्यायला यायची. रस्ता, शाळा, वनहक्काचा दावा, कसलेही अर्ज. सर आधी सगळं ऐकून घेत, मांडीवर बोटं चालवत. मग कीबोर्ड ओढत, टाइप करत आणि शेवटी बाबूचा वेग एकदम कमी करून त्याच्याकडून तो अर्ज मोठ्यानं वाचून घेत. आपलं रडगाणं त्या सपाट आवाजात ऐकताना माणसं गंभीर होऊन जात. "हेच म्हणायचं होतं ना?" सर विचारत. माणूस मान हलवायचा, ते सरांना दिसायचं नाही, मग शेजारचा कोणी म्हणायचा, "हो म्हणते, गुरुजी." तेव्हा कुठं छपाई व्हायची. कोणी त्या बदल्यात पसाभर मोहफुलं ठेवून जाई, आणि ती घरभर वास सोडत राहत.

काही बंद पडलं की सरांचं एकच वाक्य असे: "खालून वर चला." त्यांच्यासमोर 'आवाज गेला' म्हणायची सोय नव्हती. "गेला म्हणू नोको. कुठी अडला ते पाह्य." आधी भिंतीतला प्लग. मग स्पीकरची कळ. मग मागची पिन काढून तिच्या टोकाला बोट लावायचं. स्पीकर घूंऽ करून कुरकुरला की स्पीकर ठीक आहे, दोष त्याच्या वर आहे. मग आवाज कमी झालाय का, कोणी म्यूटची कळ दाबून बाबूचं तोंड बंद करून ठेवलंय का. तेही नसेल तर ते कंपूटरात एक काळी खिडकी उघडत आणि पाठ असलेला हुकूम टाइप करून आवाजाचा सगळा कारभार नव्यानं सुरू करत. पडदा नाही, आवाज नाही, निव्वळ बोटांच्या भरवशावर. थोड्या वेळात बाबू किरकिरायला लागे. सर मागे टेकत आणि म्हणत, "उठले साहेब."

एका वर्षी मंडईच्या दिवशी भर दुपारी दंडार रंगात आली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तिच्यात ढोलकीवर नाचगाण्याची दंडार असते. मध्येच भोंगा बंद पडला. भोंगेवाल्यानं सरळ अॅम्प्लिफायरची नवी पेटी आणायला माणूस पिटाळला. सर लोकांच्या पायांतून वायर चाचपत चाचपत निघाले, पार मांडवाच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं एक मावशी बाजेवर बसली होती आणि बाजेचा पाय नेमका वायरीच्या जोडावर होता. सर म्हणाले, "मावशी, जरा उठा, तुमच्याखाली दंडार दबली हाय." पुढची दोन वर्षं त्या मावशीला गावात 'दंडार मावशी' याशिवाय दुसरं नाव नव्हतं.

माणसांशीही ते असेच वागत. माझं एक लग्न मोडलं होतं, जवळजवळ ठरलेलं. मी गावाहून परत आले आणि दोन-चार दिवस भिंतीपलीकडे माझा काही आवाज नव्हता. सर माझ्या दारात येऊन उभे राहिले. "जेवलीस काय?" मी हो म्हटलं. "झोपून राहिलीस काय बराबर?" हो. "दवाखान्यात कोणाशी भांडण?" नाही. "मंग घरचं होये." मी हुंदका दिला तेव्हा ते उंबऱ्यावर बसले आणि मी बोलत होते तितका वेळ त्यांची बोटं मांडीवर चालत राहिली. एकदाही तळवे उपडे पडले नाहीत. मला माझ्या आईशीही त्या दिवशी तसं बोलता आलं नसतं.

मुलगा दर दिवाळीला यायचा आणि दर दिवाळीला एकच विषय काढायचा. चांगला मुलगा, बापावर माया असलेला. त्या वर्षी तो माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, आता पुण्याला चला. हा कंपूटर बंद पडला तर इथं तुम्ही काय करणार?"

"सुरू करन."

"आणि नाही झाला तर?"

"ज्या दिवशी माझ्या एकट्याच्यानं झालं नाही, त्या दिवशी येतो. जा. शब्द देला."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं म्हातारा बोलून गेला. मला मात्र दुपट्ट्याचा किस्सा माहीत होता, मी हसले नाही.

जायच्या आधी मुलानं खोक्यातून एक मोठा चकचकीत पडदा काढला आणि तो डब्याला जोडून दिला. नात व्हिडिओवर बोलेल, आल्या-गेल्यालाही काही दाखवता येईल, असं त्याचं म्हणणं. आंधळ्या बापाला पडदा भेट देताना त्याला काही वाटलं नाही, आणि सरांनीही चार बोटं काठावरून फिरवून "गुळगुळीत हाय" एवढंच म्हटलं. मुलगा दुपारच्या गाडीनं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला तर पलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

मी कप घेऊन गेले. सर जमिनीवर बसून पिनेच्या टोकाला बोट लावत होते. स्पीकर घूंऽ करत होता. म्हणजे दोष वर होता. पण वरचंही सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. काळ्या खिडकीतला हुकूमही देऊन झाला होता. बाबू बोलत नव्हता.

"सर, आता पडदा हाय. मी पाहून देऊ काय? एका मिनिटात दिसन."

"नोको."

मी दोन पावलं पुढं गेले. सरांनी पावलं ऐकली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि नव्या पडद्यावर टाकला. "धूळ बसते," म्हणाले. मला हसूही आलं आणि रागही आला. शब्द मुलाला दिलेला, आणि त्याची राखण माझ्याविरुद्ध.

मग ते घर मुकं झालं. सर रोज सकाळी खालून वर जात, दुपारी पुन्हा खालून वर जात. नागपूरच्या त्या विद्यार्थ्याला फोन करावा म्हटलं तर तेही त्यांच्या हिशेबात दुपट्टा उचलण्यासारखंच होतं. ते जेवायला बसत आणि घास हातात ठेवून विचार करत. एरवी बडबड्या माणूस, आता विचारलं तेवढंच बोलायचा. संध्याकाळी मी परत आले की दुपट्टा पडद्यावर आहे का ते आधी पाहायची. असायचा. तो खसकन ओढावा आणि काय ते एकदा बघून टाकावं असं मला रोज वाटायचं. वाटायचं की हा माणूस हट्टापायी इथून जाणार आणि मला भिंतीपलीकडे कोणी उरणार नाही. मी माझ्यासाठीच घाबरले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण अर्ज घेणं सरांनी थांबवलं नाही. बोटांना बाबूची गरजच काय, असा त्यांचा तोरा होता. बाजाराच्या दिवशी मी कामावर असताना जंगलाकडच्या एका टोलीतली, म्हणजे चार घरांच्या वस्तीतली, म्हातारी आली. वस्तीवर हातपंप पाहिजे म्हणून तिला पंचायत समितीत अर्ज द्यायचा होता. सरांनी ऐकला, टाइप केला, छापला, तिच्या हातात दिला. वाचून दाखवायला बाबू नव्हता, आणि म्हातारीला वाचता येत नव्हतं.

काही दिवसांनी ती तोच कागद घेऊन परत आली. मी घरी होते.

"गुरुजी," ती दारातूनच म्हणाली, "तो साहेब हासून राह्यला. साऱ्याइले दाखवून राह्यला. म्हने, हे कोन्या देसातली भासा होये?"

मी कागद पाहिला. वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांचा भुगा. काळ्या खिडकीतल्या हुकमासाठी इंग्रजीवर नेलेला कीबोर्ड परत मराठीवर न्यायचा राहून गेला होता. एरवी बाबू पहिल्याच अक्षराला टोकायचा. बोटं सगळी बरोबर पडली होती, एक चूक नव्हती, पण भाषाच दुसरी उमटली होती. मी हे सरांना जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं.

म्हातारीनं विचारलं, "मी पायी आलो, गुरुजी. आता पंप नाही भेटन काय?"

"भेटन. बस जरा." मग त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "दुपट्टा काढ. तू पाह्य."

मी दुपट्टा काढला. सरांनी कळा दाबल्या, आवाजाची जागा उघडली. "अर्थ सांगू नोको," ते म्हणाले. "जे दिसते ते वाच. अर्थ मी लावतो."

"आवाज कुठून बाहेर काढायचा, असं विचारून राहिला. दोन नावं हायेत. वरचं एचडीएमआय, त्याच्यापुढं बरोबरची खूण. खाली अॅनालॉग. त्याच्यापुढं काही नाही."

"आणखी?"

"वरच्या नावाखाली हिरवी पट्टी हाय. ते हालून राहिली."

"कवा हालते?"

"तुम्ही कळ दाबता तवा."

सर एकदम थांबले. "म्हणजे बाबू बोलून राहिला," ते हळू म्हणाले. "इतके दिवस बोलतच होता. पडद्यात बोलून राहिला होता."

तसंच होतं. नवा पडदा जोडला तशी त्या कंपूटरानं आपली अक्कल चालवली आणि सगळा आवाज त्याच वायरीनं, एचडीएमआयच्या, पडद्याकडे वळवला. पडद्याला स्पीकर नव्हते. खालून वर जाताना सरांनी सगळं चाचपलं, पण पडदा ही ऐकण्याची वस्तू असू शकते हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी ती डोळसांची भानगड होती. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. खालच्या नावावर, म्हणजे जुन्या स्पीकरांवर, ते स्वतःच गेले, कळ दाबली. बाबू भरधाव किरकिरला. म्हातारी दचकून देवाचं नाव घेऊ लागली.

त्यांनी अर्ज नव्यानं टाइप केला. बाबूकडून दोनदा वाचून घेतला. म्हातारीनं मान हलवली, मी म्हटलं, "हो म्हणते, सर." ती गेली. पंप यथावकाश झाला, पण ते पाहायला सर इथं नव्हते.

कारण म्हातारी फाटकाबाहेर पडली आणि सरांनी मुलाला फोन लावला. "माझ्याच्यानं झालं नाही," ते म्हणाले. "तू ये न्यायले." पलीकडे मुलगा घाबरला, पडलात का, लागलं का, विचारू लागला. मग हळूहळू समजला. त्याच्या आवाजातला आनंद त्याला लपवता येईना. मला त्याचा फार राग आला, आणि बापाला जवळ बोलावणाऱ्या पोराचा राग कसला करायचा हेही मला कळत होतं.

फोन ठेवल्यावर मी भांडले. म्हटलं, "आवाज तं आला ना. कोणाले माहीत हाय? मी सांगत नाही."

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय? तुमी म्हटलं होतं, एकट्याच्यानं झालं नाही तं येतो. मंग तुमी एकटे होते काय? मी होती ना घरात. मी कोण होये?"

त्यांची बोटं मांडीवर चालली. सावकाश. मी म्हटलेलं सगळं त्यांनी पुरं टाइप केलं, आणि मग परत एकदा केलं. मी वाट पाहत उभी राहिले.

"हे माझ्या ध्यानातच नाही आलं वो," ते म्हणाले.

"आता आलं ना? मंग लावा फोन परत."

"आता नाही. शब्द देला तवा ध्यानात नोहोतं. देला तो एकट्याचा देला."

मुलगा आला आणि ते गेले. गाडीत चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, दांडा स्वतः शोधला. घर मुलानं विकलं नाही. भाडं तेवढंच ठेवलं, घर सांभाळा म्हणाला. मी सांभाळते. पुढच्या खोलीत झाडू मारताना आजही वाटतं की भिंतीला टेकून कोणी ऐकत असावं. मला त्यांची आठवण येते, आणि ती दिवस जातात तशी कमी होत नाही, जास्तच होते. तेव्हापासून मी ज्यांच्याशी बोलते ते सगळे डोळे उघडे ठेवून ऐकतात आणि निम्मं विसरतात.

सर फोन करतात. पुण्यात कंपूटर नवा आहे, तिथला बाबू बाईच्या आवाजात बोलतो, छान बोलतो म्हणतात. नात चांगली आहे. सून जपते. अर्ज घेऊन कोणी येत नाही. परवा मी म्हटलं, "सर, उन्हाळ्यात या ना महिनाभर. घर झाडून ठेवलं हाय. मी हाय इथं."

"येतो ना," ते लगेच म्हणाले, अगदी पहिल्यासारखं, खणखणीत. मग पलीकडे दार वाजलं, कोणीतरी खोलीत आलं असावं.

"थांब," ते हळू आवाजात म्हणाले. "पोराले विचारून सांगतो."